रित्या विहिरीपाशी उपकारस्तुती

सुगी आटोपली की वेदीपुढे धान्य ठेवून देवाची उपकारस्तुती करावी, ही आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांची जुनी रीत. अशाच एका प्रसंगी पाथर्डीकडील एका शेतकरी बांधवाने आम्हांस विचारले, “पीक आलं म्हणून देवाचे उपकार मानायचे. मग विहीर आटली, पेरणी वाया गेली, त्या साली काय म्हणायचं?” त्यांच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. “हीही देवाचीच इच्छा, आनंद माना,” असे म्हणून आम्हांस मोकळे होता आले असते. परंतु कोरड्या विहिरीच्या काठी उभ्या असलेल्या माणसाला तसे सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

ह्या प्रश्नाचा शोध घेताना आमचे लक्ष यहुदी बांधवांकडे वळले. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1986 साली रोमच्या सभास्थानात त्यांना आपले थोरले बंधू म्हटले होते. आपणां महाराष्ट्रीयांना तर ते परके नाहीतच. रायगडच्या किनारपट्टीत शतकानुशतके तेलाचे घाणे चालविणारे आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ म्हणजेच हे बेने इस्राएल. दिवेकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे आणि मराठी ही त्यांची मायबोली. 1948 नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएलला गेले. मात्र ‘मलिदा’ विधी त्यांनी तेथेही जपला.

लग्नकार्य ठरले, आजारी माणूस उठून बसले, नवस फळाला आला, की बेने इस्राएल घरात मलिदा होतो. गोड पोहे आणि फळे ताटात मांडतात, एलिया संदेष्ट्याचे स्मरण करतात आणि देवाची स्तुती गातात. मग झाडाच्या फळासाठी एक धन्यवाद, जमिनीतून येणाऱ्या फळासाठी दुसरा. खजुराचा वेगळा, केळ्याचा वेगळा. सर्वांसाठी मिळून एकच मोघम ‘आभार’ त्यांना पुरत नाही. जे मिळाले ते ओळखून, त्याचे नाव घेऊन देणाऱ्याला धन्य म्हणायचे, ही यहुदी उपासनेची शिस्तच आहे. ह्या धन्यवादाच्या वचनाला हिब्रू भाषेत ‘ब्राखा’ म्हणतात. दिवसाकाठी अशी शंभर वचने म्हणावीत, असे त्यांचे शास्त्री सांगतात. जाग येताच एक, भाकर खाण्यापूर्वी एक, मेघगर्जना ऐकल्यावर एक. इतकेच काय, शौचाहून आल्यावर शरीर नीट चालते म्हणूनही एक! मन प्रसन्न असो वा नसो, ओठांनी आपले काम करायचे.

मग संकटकाळी काय? इसवी सनाच्या 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ ह्या ग्रंथात सांगितले आहे, की सुवार्ता ऐकल्यावर देवाला धन्य म्हणावे, तसेच दुर्वार्ता ऐकल्यावरही म्हणावे. परंतु ह्या दोन प्रसंगांचे शब्द निराळे आहेत. सुखात देवाला ‘भला आणि भले करणारा’ म्हणायचे. दुःखात ‘सत्य न्यायाधीश’. वाइटाला चांगले म्हणण्याची सक्ती येथे नाही. उलट, पाऊस लांबला तर उपवास करून देवाला साकडे कसे घालावे, ह्याचे नियम सांगणारे एक स्वतंत्र प्रकरणच त्या ग्रंथात आहे.

त्यातच होनी नावाच्या भक्ताची कथा येते. अवर्षणात लोकांच्या विनंतीवरून त्याने प्रार्थना केली. पाऊस आला नाही. तेव्हा त्याने जमिनीवर एक वर्तुळ आखले, त्यात तो उभा राहिला आणि देवाला म्हणाला, की मी तुझ्या घरचा माणूस. तुला लेकरांची दया येईपर्यंत मी येथून हलणार नाही. शेवटी पाऊस आला. धर्मपुढाऱ्यांना हे धारिष्ट्य रुचले नाही. तरीही लेक बापाकडे हट्ट धरतो तसा हा देवाकडे धरतो, हे त्यांना कबूल करावे लागले.

आमच्या मते त्या शेतकरी बांधवाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. कृतज्ञता म्हणजे दुःखावर ओढलेले हसू नव्हे. ते एक नाते आहे. रोजच्या भाकरीपाशी, रोजच्या घोटभर पाण्यापाशी हे नाते जपले जाते. म्हणूनच विहीर आटलेल्या दिवशी माणूस परक्यासारखा दारातून मागे फिरत नाही. ज्याचे रोज उपकार मानले, त्याच्याशीच हक्काने भांडता येते.

प्रभू येशू ह्याच परंपरेत वाढले. ज्या रात्री त्यांना धरून दिले जाणार होते, त्याच रात्री त्यांनी भाकर घेऊन उपकारस्तुती केली. ‘युखरिस्त’ ह्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही उपकारस्तुती असाच आहे. मिस्सात भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना आपले धर्मगुरू जी प्रार्थना म्हणतात, तिची घडण यहुदी ब्राखेवरूनच आली आहे. तीत भूमीच्या फळाबरोबर मानवी श्रमाचाही उल्लेख येतो. आपल्या चहातील साखरेमागे ऊसतोडणी करणाऱ्या आयाबहिणींचे हात आहेत, हे विसरून केलेली उपकारस्तुती म्हणूनच अपुरी राहते.

आणि त्याच प्रभूंनी दुसऱ्या दिवशी क्रुसावरून, तू माझा त्याग का केलास, असे देवाला विचारले. उपकारस्तुती करणारे ओठ आणि आक्रोश करणारे ओठ एकच होते.

तेव्हा त्या बांधवाला आम्ही इतकेच सांगू: ताट भरलेले असेल तेव्हा उपकार मानायला विसरू नका, विहीर रिती होईल तेव्हा विचारायला भिऊ नका. दोन्ही वेळी तुम्ही त्याच्याच घरचे असता.