तणसाचा दोर

साकोली तालुक्यातल्या एका गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव. ऑक्टोबर महिना. धान निसवलेलं, शेवटच्या पाण्याची घाई, म्हणून पाळीवरचं डिझेल इंजिन रात्रभर चालू. पहाटे शेजारची कॅन कलंडली आणि डिझेल उतारानं थेट पाण्यात गेलं. ढिवर डोंगे घेऊन आले तेव्हा शिंगाड्याच्या पानांमधून रंगीत तवंग हलत होता.

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष धावत आले. "धुण्याची पावडर आना रे. दहा मिनिटांत पानी साफ."

"भाऊ, पावडर नोको," एक पोरगी म्हणाली. ती नागपुरात प्राणिशास्त्र शिकते, सुट्टीत आजीकडे आली होती. "तेल दिसेनासं होईल, पण जानार कोठं? बारीक थेंब होऊन पान्यात उतरन, माशाच्या कल्ल्यात जाईन."

तिनं टोरी कॅनियनची हकिकत सांगितली. १९६७ च्या मार्चमध्ये हे जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर फुटलं. लाखाहून अधिक टन कच्चं तेल. किनारे चकचकीत करायचेच म्हणून सुमारे १०,००० टन साबणी रसायन ओतलं गेलं. मग प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतले संशोधक खडक न् खडक तपासत फिरले. शेवाळ खरवडून जगणारे शंखजीव तेलापेक्षा त्या रसायनानंच जास्त मेले होते. खाणारं कुणी उरलं नाही, तेव्हा खडकांवर हिरवं शेवाळ माजलं. रसायन न लागलेले किनारे लवकर सावरले. जिथं ते पुन्हापुन्हा ओतलं, तिथं दहा वर्षंही पुरली नाहीत.

"ते समुद्राचं झालं, बाई," अध्यक्ष म्हणाले. परक्या देशाची गोष्ट गावात टिकत नाही. मग तिनं मुंबईची सांगितली: ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, सुमारे ८०० टन तेल सांडलं. तिवरं चिखलातून वर काढलेल्या मुळ्यांनी श्वास घेतात, त्या मुळ्यांवरच तेल बसलं.

आजी इतका वेळ पाण्याकडे पाहत होती. एक मरळ तवंगातून तोंड वर काढून हवा घेऊन गेली. "इले वर आल्याबिगर जमत नाही," आजी म्हणाली. "वरून तेल आन् खालून पावडर, तं जाईन कोठं बिचारी?"

पण पाळीकडच्या खाचेत पावडर पडलीच. तवंग फाटला, पाणी उजळलं, लोक खूश झाले. आजीनं मात्र आपल्या शिंगाड्यापाशी तणसाचा जाड दोर वळून पाण्यावर आडवा सोडला. तणस डिझेल पिऊन काळपट झालं की काढायचं, नवं सोडायचं. नात म्हणाली, १९६९ साली कॅलिफोर्नियात सँटा बार्बराच्या किनाऱ्यावरही तेल टिपायला पेंढाच पसरला होता. आजीला त्याचं काही अप्रूप नव्हतं. हात डिझेलनं माखलेले, डोकं दुखत होतं, पोरं हसत होती, ती वाकलेलीच. मला या गोष्टीत सगळ्यात मोठा तिचा हा चिवटपणा वाटतो, कारण दिवस मावळला तरी तिच्याकडचं पाणी घाणच दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी पावडरच्या खाचेत झिंगे उलटे तरंगत होते. काठाला बारीक मासळीचा पांढरा थर लागला होता. आजीच्या बाजूला पानांच्या कडा करपल्या होत्या, चार-दोन मासे तिकडेही मेले होते; पण पानाखाली हात घातला की झिंगे टणकन उडत.

अध्यक्षांनी मेलेली मासळी स्वतः टोपलीत भरली. मग ट्रॉलीभर तणस घेऊन आले. "आजी, दोर कसा वळाचा?"

"दोर मंग वळू, बाबू. आधी ते इंजिन पाळीवरून उचल."

"पाइप पुरनार नाही."

"नवा घे."

अध्यक्षांनी क्षणभर इंजिनाकडे पाहिलं आणि चार गड्यांना हाक मारली. दुपारपर्यंत इंजिन पाळीपलीकडच्या बांधीत उतरलं होतं, खाली पत्र्याचा ट्रे होता, आणि सोसायटीच्या वहीत नव्या पाइपचा खर्च लिहिला जात होता.