पहिला क्रॉसबो : वेग की नेम?

क्रॉसबो म्हणजे दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. साध्या धनुष्याची दोरी ओढून धरायला धनुर्धराचा खांदा आणि पाठ लागते. क्रॉसबोत ती एका खटक्यात अडकते आणि चाप ओढेपर्यंत तिथेच राहते. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैन्याबरोबर या खटक्यांचे काशाचे भाग सापडले आहेत. युरोपात 1139 च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध हे हत्यार वापरायला मनाई केली. पुढे 1199 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड क्रॉसबोच्याच बाणाने झालेल्या जखमेतून दगावला. बंदूक आल्यावर रणांगणातली त्याची गरज संपली. आज त्याचा मोठा वापर आहे तो उत्तर अमेरिकेत, मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी. तिथे नवखा शिकारी दुकानात शिरला की त्याच्यापुढे पहिल्यांदा येतो तो एक आकडा : बाणाचा वेग, सेकंदाला इतके फूट. निवड बिघडते ती बहुधा या आकड्यापासूनच.

त्या आकड्याच्याही आधी कायदा येतो. अमेरिकेत शिकारीचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात. विस्कॉन्सिनने 2014 पासून सर्व शिकाऱ्यांना क्रॉसबोची मुभा दिली. पेनसिल्व्हेनियाने धनुष्यबाणाच्या हंगामात तो 2009 मध्ये खुला केला आणि ताण किमान 125 पौंड असावा असे ठरवले. ओरेगॉनात क्रॉसबोने शिकार करताच येत नाही. अनेक राज्यांत तो पूर्वी फक्त अपंग शिकाऱ्यांसाठी होता आणि ती सवलत हळूहळू रुंदावत गेली. ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्याने वन्य प्राण्यांवर धनुष्य किंवा क्रॉसबो चालवणे गुन्हा ठरवले आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीवरच बंदी आहे आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाणही आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटणार. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र अंगणातली फुलझाडे फस्त करणारी पांढऱ्या शेपटीची हरणे चांगलीच माहीत आहेत. लांडगा आणि प्यूमा तिथून कधीच नाहीसे झाले. हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम आता बरेचसे शिकाऱ्यांकडे आहे. वस्तीजवळ बंदुकीची गोळी धोक्याची ठरते, म्हणून तिथे बाणाला महत्त्व येते.

बाण गोळीसारखा मारत नाही, ही गोष्ट नवख्याने सर्वांत आधी समजून घ्यायला हवी. रायफलीच्या गोळीचा हादरा आजूबाजूच्या मांसालाही फाडतो. बाणाचे पाते फक्त कापते आणि जनावर मरते ते रक्त गेल्याने. पाते दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेले तर हरीण काही सेकंदांत, शंभरेक यार्डांच्या आत कोसळते. तेच पाते वीतभर मागे, पोटात लागले तर जनावर तासन् तास जिवंत राहते आणि दूर झाडोऱ्यात जाऊन मरते. कित्येकदा ते सापडतच नाही. हरणाची मर्माची जागा, म्हणजे हृदय आणि फुप्फुसे, साधारण आठ इंच व्यासाची. क्रॉसबोची सगळी पारख या आठ इंचांवर करायला हवी. जायबंदी होऊन निसटलेल्या हरणाला बाण किती वेगाने आला याच्याशी काही देणेघेणे नसते.

आता वेगाचा हिशोब मांडून पाहू. क्रॉसबोचा बाण बहुधा 400 ग्रेनचा, म्हणजे सुमारे 26 ग्रॅम वजनाचा असतो. तो सेकंदाला 300 फूट वेगाने सुटला तर त्यात सुमारे 80 फूट-पौंड ऊर्जा असते. 400 फूट वेगाने सुटला तर 142. अमेरिकन धनुर्धरांमध्ये जो कोष्टकवजा अंदाज सर्रास वापरतात, त्यानुसार हरणासाठी 25 ते 41 फूट-पौंड पुरतात. एल्क, काळे अस्वल, रानडुक्कर यांना 42 ते 65 आणि त्यावरची ऊर्जा लागते ती केप म्हशीसारख्या किंवा ग्रिझली अस्वलासारख्या दांडग्या जनावरांना. म्हणजे आजचा साधा, मध्यम किमतीचा क्रॉसबोही हरणाला लागणाऱ्या ऊर्जेच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा देतो. तीनशेचे चारशे करण्यासाठी जास्तीचे पैसे मोजणारा नवखा जे विकत घेतो, त्याची हरणाच्या शिकारीत त्याला गरजच नसते. शिवाय जाहिरातीतला वेग बहुधा हलक्या बाणाने मोजलेला असतो. शिकारीचा जड बाण लावला की तो उतरतो. जड बाण घ्यावा, हे मात्र खरे. त्याच धनुष्यातून तो ऊर्जा फारशी न गमावता जातो, आवाज कमी होतो आणि हाडात लागला तरी आत घुसतो.

वेगाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो : वेगवान बाण सरळ जातो, म्हणून लांबूनही मारता येते. त्यात अर्धे तथ्य आहे. 400 फूट वेगाचा बाण 20 यार्डांवर सुमारे 4 इंच खाली येतो, 40 यार्डांवर 17 आणि 60 यार्डांवर 39. दुर्बिणीतल्या खुणांनी ही घसरण भरून काढता येते. हरणाचा कान मात्र कशानेही भरून काढता येत नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे 1125 फूट जातो. दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या आधी पोहोचतो. 40 यार्डांवर उभ्या असलेल्या हरणाला तो आवाज सेकंदाच्या दहाव्या भागात ऐकू येतो, बाण यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. मधल्या साधारण दोन दशांश सेकंदात सावध हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडते, त्याची पाठ खाली जाते आणि फुप्फुसावर धरलेला नेम पाठीच्या वर जातो किंवा पाठीच्या मांसात रुततो. 20 यार्डांवर हीच सवड निम्मी होते. म्हणून हत्यार कितीही आधुनिक असले तरी अंतर धनुष्याचेच राहते : वीस, तीस, फार तर चाळीस यार्ड. दस्ता आणि दुर्बीण पाहून क्रॉसबोला रायफल समजणारे शिकारीच जास्त हरणे जायबंदी करतात. क्रॉसबोवर हात लवकर बसतो. टेकू देऊन एका दुपारच्या सरावात नवखाही लक्ष्यावर बाणांचा पुंजका बसवू शकतो, आणि त्यातूनच लांबच्या माऱ्याचा खोटा विश्वास येतो.

अंतर असे ठरले की मग धनुष्याच्या रचनेकडे वळावे. क्रॉसबोचा ताण 150 ते 200 पौंडांच्या घरात किंवा त्याहून जास्त असतो. हातात धरायच्या कंपाउंड धनुष्याचा 60 ते 70. हा फरक पाहून क्रॉसबो तिप्पट ताकदवान आहे असा समज होतो, तो चुकीचा आहे. साठवलेली ऊर्जा ताण आणि दोरीने कापलेले अंतर या दोन्हींवर ठरते आणि क्रॉसबोची दोरी साध्या धनुष्याच्या मानाने फार कमी अंतर कापते. रचना मुख्यतः तीन प्रकारच्या. रिकर्व्हला चाके नसतात, दोरी थेट धनुष्याच्या पात्यांच्या टोकांना असते. तो रुंद असतो, ताणायला जड जातो, पण बिघडण्यासारखे त्यात फार थोडे असते आणि दोरी तुटली तर शिकारी ती जंगलातच बदलू शकतो. कॅनडातल्या ओंटारिओची एक्सकॅलिबर कंपनी याच प्रकारासाठी ओळखली जाते. कंपाउंडमध्ये टोकांना चाके आणि तारा असतात. तो अरुंद असतो, जास्त ऊर्जा साठवतो, पण त्याची दोरी बदलायला यंत्र लागते, म्हणजे दुकानात जाणे आले. तिसऱ्या प्रकारात पाती उलटी, शिकाऱ्यापासून दूर, पुढे वळलेली असतात. दोरीला जास्त लांब धाव मिळते आणि वजनही पुढे न झुकता हाताजवळ येते. मचाणावर बसणाऱ्याला रुंदी फार जाणवते. शिकारी झाडाला टेकलेला असतो, पुढे फांद्या असतात, हरीण भलत्याच बाजूने येते. अशा वेळी दोन फूट रुंदीच्या रिकर्व्हचे टोक खोडावर आपटले तर नुसता नेमच जातो असे नाही, पातेही फुटू शकते. ज्याला मचाणावर बसायचे आहे त्याने अरुंद कंपाउंड घ्यावा. ज्याला दुकानापासून दूर, दिवसचे दिवस चालायचे आहे, त्याला रिकर्व्ह जास्त विश्वासाचा.

दोरी ताणण्याची क्रिया दुकानातच स्वतः करून पाहावी. पुढच्या रिकिबीत पाय घालून क्रॉसबो जमिनीवर दाबून धरायचा, ओढण्यासाठीच्या वेगळ्या ताणदोरीचे दोन आकडे बाण जातो त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना धनुष्याच्या दोरीवर बरोबर सारख्या अंतरावर लावायचे, आणि दोन्ही मुठी एकदम छातीकडे ओढायच्या. खटका बसल्याचा आवाज आला की सुरक्षा-कळ बहुतेक मॉडेलमध्ये आपोआप लागते. ताणदोरी कप्पीसारखी काम करते, म्हणून 150 पौंडांचा ताण हाताला निम्मा लागतो. आकडे अर्धा इंच इकडेतिकडे झाले तर दोरी तिरकी बसते आणि बाण कितीतरी इंच बाजूला जातो; नवखे याचा दोष दुर्बिणीला देत राहतात. ज्याची पाठ किंवा खांदा दुखरा आहे त्याने फिरकीचे हँडल असलेला घ्यावा. तो वजनाने जड होतो, पण दोरी प्रत्येक वेळी मधोमध बसते.

बाणाची निवड हा या खरेदीचा सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत धोक्याचा भाग. बाणाच्या मागच्या टोकाला, दोरी जिथे ढकलते तिथे, खाच असते : कुठे सपाट, कुठे अर्धचंद्री, कुठे दोरीला घट्ट पकडणारी. कोणती वापरायची ते क्रॉसबो बनवणाऱ्याने ठरवलेले असते. चुकीची खाच वापरली तर दोरी बाणाच्या वरून निसटते आणि सगळी ऊर्जा धनुष्याच्या पात्यांतच परत जाते. बाण न लावता चाप ओढला तरी तेच होते. पाती तडकतात, तार तुटते, तुकडे तोंडावर येऊ शकतात. म्हणून बाण नसताना चाप रोखणारी कळ असलेलेच मॉडेल पहिल्यांदा घ्यावे, आणि कंपनीने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा हलका बाण कधीही लावू नये.

बाणाच्या टोकाचे पाते स्थिर असावे की बसताना उघडणारे, यावर शिकाऱ्यांत फार वाद चालतात. उघडणारे पाते जास्त रुंद कापते आणि हवेत नीट जाते. स्थिर पात्यात बिघडण्यासारखे हलते भाग नसतात. ऊर्जा भरपूर असल्यामुळे क्रॉसबोत दोन्ही चालतात. निर्णायक गोष्ट म्हणजे पाते वस्तऱ्याइतके धारदार असणे आणि ज्या पात्याने शिकार करायची त्याच पात्याने एकदा तरी सराव झालेला असणे, कारण सरावाच्या बोथट टोकाने बसवलेला नेम धारदार पात्यासाठी तसाच राहील याची खात्री नसते.

दुर्बीण बहुतेक क्रॉसबोंबरोबर येते, तिच्यावर वेगळा खर्च करायची पहिल्या वर्षी गरज नाही. तिच्यातल्या आडव्या रेघा 20, 30, 40 यार्डांसाठी असतात, पण बाणाच्या खऱ्या वेगाशी त्या जुळवून घ्याव्या लागतात. अंतर मोजण्याचे लेझर यंत्र मात्र जरूर घ्यावे. संधिप्रकाशात 30 यार्ड आणि 45 यार्ड यांतला फरक डोळ्याला कळत नाही. चाप हलका आणि स्वच्छ सुटणारा हवा. थंडीत हातमोजे घालून तो ओढून पाहावा. दस्त्याखाली बोटांना आडवणारी कड असते, तिचा आकार हाताला जुळतो का तेही पाहावे. पुढचा हात धरताना अंगठा बाणाच्या पट्टीच्या वर आला तर सुटलेली दोरी तो तोडून नेऊ शकते. असे अपघात झालेले आहेत आणि होत राहतात. म्हणून ही तपासणी किमतीच्याही आधी यावी.

किंमत काही शे डॉलरांपासून हजारोंपर्यंत जाते. मधल्या किमतीत जे मिळते ते हरणाला पुरेसे असते, आणि वाचलेले पैसे बाण, धारदार पाती, लक्ष्याची गादी आणि दोरीचे मेण यांवर जायला हवेत. दोरीला मेण लागलेच पाहिजे. ती विरत जाते आणि वापर बेताचा असला तरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. हा खर्च आणि जवळच्या दुरुस्तीवाल्याचे अंतर ध्यानात न घेता घेतलेला महागडा क्रॉसबो दुसऱ्याच हंगामात माळ्यावर जातो.

शेवटची पारख दिवस संपतानाची. शिकारीचे बहुतेक दिवस बाण न सोडताच संपतात. अंधार पडलेला असतो, ताणलेला क्रॉसबो मांडीवर असतो, मचाणावरून उतरायचे असते. ताणलेला क्रॉसबो घेऊन झाडावरून उतरणे जिवावर बेतू शकते, आणि अनेक राज्यांत तो तसाच गाडीत ठेवणे बेकायदा आहे. काही मॉडेलमध्ये फिरकीने दोरी उलटी सोडता येते. बाकीच्यांत बाण काढून, क्रॉसबो दोरीने खाली सोडून, जमिनीवर आल्यावर एक जुना बाण मऊ मातीत किंवा गादीत सोडावा लागतो. फिरकीची सोय असलेले मॉडेल थोडे महाग असले तरी नवख्याने तेच घ्यावे. विकत घेण्याआधी दुकानदाराकडून ते एकदा ताणून, एकदा सोडून दाखवायला लावावे, आणि मग दोन्ही कामे स्वतःच्या हाताने करून पाहावीत.