कळेपर्यंतचे दिवस

सशाला कुरवाळताना एखाद्या ठिकाणी बोटांना केस लागत नाहीत. आजूबाजूचे केस बाजूला सारून पाहावं, तर रुपयाएवढी गुलाबी कातडी उघडी पडलेली. जखम नाही, खाज दिसत नाही, ससा मजेत हरळी खातोय. अशा वेळी वाईसारख्या गावात कारणांची टंचाई नसते. उष्णता झाली. पाणी बदललं. बोक्यानं ओरबाडलं. पाहुण्यांची नजर लागली. चहा संपेपर्यंत चार निदानं होतात आणि त्यांच्यामागोमाग औषधही येतं. पहिला मान अर्थातच हळदीचा. वाईच्या शिवारात ती पिकते, सांगलीत तिची मोठी पेठ आहे. तिच्यावर या भागाचा विश्वास नसता तरच नवल. कुणी करंजाचं तेल सुचवतं, तर कुणी कुत्र्याच्या पिसवांवरचे उरलेले थेंब काढून देतं.

या घाईचा मला राग येतो, कारण तिच्यात पुरावाच पुसला जातो. हळदीनं पिवळी झालेली कातडी लाल होती की नाही, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. तेलानं कोंडा बसतो, आणि नेमका तोच तर पाहायचा असतो. शिवाय ससा सतत अंग चाटतो. वरून लावलेलं सगळं पोटात जातं. कुत्र्यांच्या काही थेंबांत फिप्रोनिल असतं. ते सशाला विषारी आहे, त्यानं झटके येऊन जीवही जाऊ शकतो. टकलावर उपाय करताना ससा गमावणं हा काही विनोद नव्हे.

‘कारण अजून माहीत नाही’ हे वाक्य आपल्याला कमीपणाचं वाटतं. खरं तर शहाण्या तपासाची सुरुवात तिथूनच होते, मात्र पुढे काहीतरी पाहिलं गेलं पाहिजे. केस कुठले गेले, हा पहिला प्रश्न. मानेमागे आणि पाठीवर पांढरा कोंडा असेल, तर काळ्या कागदावर ससा विंचरावा. कोंड्यातले कण हलताना दिसले तर ते बारीक परजीवी आहेत. कानात जाड खपल्या धरतात त्या वेगळ्या परजीवीमुळे. हनुवटीखालचे केस ओले होऊन गळत असतील तर दात पाहावे लागतात. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि चारा कमी पडला की वाकडे होतात. मागच्या पायांच्या टाचा उघड्या पडल्या असतील तर दोष बहुधा पिंजऱ्याच्या तारेच्या तळाचा. एकाच जोडीतला एक ससा गुबगुबीत आणि दुसरा विरळ दिसला, तर पहिला दुसऱ्याचे केस कुरतडतोय का, ते पाहावं. मादी गळ्याखालचे आणि पोटावरचे केस स्वतःच उपटून घरटं करू लागते. त्यासाठी गाभण असावंच लागतं असं नाही. खोट्या गाभणपणातही ती हेच करते, आणि तो साधारण १६ ते १८ दिवसांत ओसरतो. नर म्हणून आणलेला ससा पुढे मादी निघणं ही नेहमीचीच गोष्ट, त्यामुळे ‘आमचा तर नर आहे’ या ठाम उत्तरावर फार विसंबू नये. आणि कधी कधी ती नुसती कात असते: जुने केस गळतात, पण खाली नव्यांची बारीक लव आलेली दिसते. लव दिसली की निम्मी काळजी मिटते.

उरलेल्या काळजीला वही लागते. मराठी विश्वकोशाचं काम वाईच्या गंगापुरीत बसून झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली. पहिला खंड १९७६ साली निघाला. तपासल्याशिवाय लिहायचं नाही, ही शिस्त या गावाला परकी नाही. सशासाठी तिचा अगदी छोटा तुकडा पुरतो. दर दोन-तीन दिवसांनी त्याच खिडकीपाशी, शेजारी तेच नाणं ठेवून फोटो काढावा. आठवड्यातून एकदा काट्यावर वजन करावं. चारा किती संपला, लेंड्या नेहमीच्या आकाराच्या आहेत का, खाजवतोय का, एवढं तारखेसह लिहावं. नाण्याशेजारचा डाग वाढतोय की थांबलाय, हे फोटोत दिसतं. आठवण मात्र आपल्याला हवं ते सांगते.

या वाट पाहण्याला कुंपण हवं. ससा दुसऱ्यांचं भक्ष्य असलेला प्राणी. दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. १२ तास काही खाल्लं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कातडी लाल झाली, ओली झाली, खपल्या धरल्या, वजन उतरलं किंवा डाग पसरला, तरी वही मिटून निघावं. तालुक्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांमध्ये जातो. त्यांच्यापुढे तारीखवार फोटो ठेवले तर त्यांचंही काम हलकं होतं. त्याहून पुढे जायचं तर खंबाटकी घाट ओलांडला की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं ही साधी तपासणी आहे, पण तिच्याआधी काहीही लावलेलं नसावं. जाताना वजनही सांगावं, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. आणि घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची गोळी तर सशाला कधीच देऊ नये. तोंडावाटे दिलेलं ते औषध त्याच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मारतं.

बुरशीची शंका असेल तर थोडा धीर धरावा लागतो. सशाला सहसा होणारी बुरशी जांभळ्या दिव्याखाली चमकत नाही, म्हणून दिव्यानं ‘काही नाही’ म्हटलं तरी ते खरं मानू नये. नमुन्यावर बुरशी वाढवून पाहण्याच्या चाचणीला दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि ती बुरशी माणसालाही होते. निकाल येईपर्यंत घरातल्या मुलांना सशाजवळ जायला बंदी करू नका. फक्त हाताळून झाल्यावर साबणानं हात धुवायला लावा, आणि त्यांच्या मनगटांवर गोल चट्टा उठला तर तोही त्याच वहीत लिहा.