हौसेचे ऋण

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याची नोकरी करतो. त्याच्या हुद्द्याला 'फुल-स्टॅक' असे भारदस्त विशेषण आहे. म्हणजे काय, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा, दुकानाची पाटी रंगवायची, गिऱ्हाइकाशी बोलायचे आणि कोठीतला मालही मांडायचा; सगळे एकट्याने." दिवसा तो हे पगारासाठी करतो आणि रात्री हौसेसाठी. आमच्या ताईच्या भिशीचा हिशेब ठेवणारी छोटीशी आज्ञावली त्याने अशीच एका गणपतीच्या सुट्टीत रचून दिली. कोणाचे पैसे राहिले, या महिन्याची चिठ्ठी कोणाच्या नावाची, हे बारा बायकांना आपापल्या फोनवर दिसू लागले. चार वर्षे ते बिनबोभाट चालले.

गेल्या महिन्यात तो म्हणाला, "आता बंद करतो. दर वेळी दुरुस्ती माझ्याच गळ्यात, आणि मी तर कोणाचा एक पैसा घेतलेला नाही."

ताई म्हणाली, "अरे, पण आम्ही वही टाकून दिली ना!"

दोघांचेही खरेच होते.

अशीच गोष्ट मार्च २०१६ मध्ये जगाच्या चव्हाट्यावर घडली होती. एनपीएम नावाच्या सामायिक भांडारात एका प्रोग्रामरने आपले पुष्कळ काम फुकट ठेवले होते. एका नावावरून त्याचा एका कंपनीशी वाद झाला, भांडारवाल्यांनी कंपनीची बाजू घेतली, आणि गड्याने रागाने आपले सगळे काढून घेतले. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाच्या अवघ्या ११ ओळी होत्या. शब्दाच्या डावीकडे भर घालून तो ठरल्या लांबीचा करायचा, एवढेच त्यांचे काम! पण त्यांवर दुसऱ्याचे काम उभे होते, त्यावर तिसऱ्याचे. हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. भांडाराने त्याच दिवशी त्या ओळी जागेवर ठेवल्या आणि पुढे काढून घेण्याच्या हक्कालाच वेसण घातली.

चैत्रात कोणी पाणपोई घातली, तर वाटसरू घरून तांब्या आणायचे सोडतात. पाणपोई आपली, रांजण आपला, हे कबूल. पण भर दुपारी रांजण उपडा घालण्याचा हक्क उरतो का? मला वाटते, नाही. बंद करण्याचा उरतो. आधी सांगून, पुढच्या गावापर्यंत पाणी पुरेल अशा बेताने. डोनाल्ड नूथ यांनी आपल्या पुस्तकाची छपाई मनासारखी होईना म्हणून 'टेक' ही आज्ञावली रचली आणि जगाला वाटून टाकली. १९९० मध्ये त्यांनी जाहीर केले, की यापुढे फक्त चुका दुरुस्त होतील, नवी भर नाही. लोकांना काय धरून चालायचे ते कळले.

पण वाटसरूंचे काय? चार वर्षांत त्या बाराजणींपैकी एकीने तरी त्याला 'दमलास का रे?' म्हणून विचारले असेल, तर शपथ. मी तरी कुठे विचारले? घरातले आहे म्हणजे आपोआप चालते, अशी आपली समजूत.

शेवटी पाडव्यापर्यंत चालवायचे ठरले. ताईने लक्ष्मीपूजनाला नवी वही आणली आहे. मात्र जुनी बाकी पहिल्या पानावर उतरवायला तिने त्यालाच बसवले.