घरासाठी मागावे कसे?

वारीच्या वाटेवर आपण पाणी मागतो, भाकरी मागतो, पाठ टेकायला ओसरी मागतो. ज्याच्या दारी मागावे तोच उलट आपल्या पायावर डोके ठेवतो. मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला गर्व नाही, अशी ही रीत आहे. पण दुसऱ्याच्या घरासाठी वर्गणी मागायची पाळी आली, म्हणजे ही निर्मळ रीत कोठेतरी गढूळ होते. ती का होते, याचा विचार आपण माळकऱ्यांनी करायला हवा.

निमित्त मुळशी खोऱ्याचे आहे. तेथील डोंगरकडेला कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. पाऊस सरला की यांतली कित्येक कुटुंबे वीटभट्टीवर जातात, माती तुडवतात, विटा पाडतात आणि पुढच्या पावसाला कुडाच्या झोपडीत परत येतात. आपला देव विटेवर उभा आहे. आपण त्या विटेला रोज हात जोडतो. पण वीट पाडणाऱ्याच्या घराला वीट का नाही, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही.

मला सुचले, पण वाकडे सुचले, ते सांगतो. एका सप्ताहात मी कीर्तनाला उभा होतो. कातकरी वाडीत चार घरे बांधावीत, असे गावकऱ्यांनी मनावर घेतले होते. मी उत्तररंगात वाडीतल्या एका बाईची झोपडी वर्णन केली. गळके छप्पर, ओली चूल, रिकामे मडके, सारे काही सांगितले, नावसुद्धा घेतले. लोकांचे डोळे भरून आले, झोळी भरली. ती बाई मंडपाच्या कडेला बसली होती, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "म्हाराज, पैका झाला ते ब्येस झालं. पन माजं रिकामं मडकं समद्या गावाला दावलंत. आता हिरीवर कुन्या तोंडानं जाऊ? आन् घर बांधनार कुटं? जागा माजी न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

मी खाली मान घातली. पैसे जमले होते, पण झोपडीखालची जमीन दुसऱ्याची होती आणि मालक लिहून द्यायला तयार नव्हता. मी तिचे दुःख साऱ्या गावाला दाखवले, आणि त्या दुःखाचे कारण मात्र मलाच माहीत नव्हते!

ही चूक नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी याच खोऱ्यात मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीचे धरण आले. मुंबईला वीज हवी होती. मावळ्यांची घरे, भातखाचरे, देवळे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर साधे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले, तुरुंगात गेले. सरकारने भरपाई देऊ केली. पण पुष्कळ जमिनी सावकारांकडे गुंतलेल्या, तेव्हा पैसा कोणाच्या पदरात पडणार हे मावळ्याला कळत होते. १९२४ पर्यंत लढा ओसरला, धरण झाले, गावे बुडाली. ज्याचे घर होते त्याला, "बाबा, तुझी इच्छा काय?" असे कोणी विचारलेच नाही. ते घर घेणारे होते आणि आम्ही घर देणारे होतो, एवढाच फरक. विचारले तर आम्हीही नाही!

कोणी म्हणेल, "बुवा, दुःख दाखवल्याशिवाय खिशात हात जात नाही. तुमच्या बारीक विचारापायी वाडी पावसात भिजायची." हा आक्षेप खोटा नाही. रडू आले म्हणजे हात सैल सुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा दुःख सांगूच नये, असे मी म्हणत नाही. ते कोणी सांगावे, हा प्रश्न आहे. तुकोबांनी दुष्काळात झालेली आपली दैना, निघालेले दिवाळे, अन्नावाचून गेलेली बायको हे सारे आपल्या अभंगात सांगितले. पण ते स्वतःचे होते आणि स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. चोखोबांनीही आपला अपमान स्वतःच विठ्ठलापुढे मांडला. त्यात लाचारी नाही. दुसऱ्याचे मडके मी उघडले, की तो त्याचा अपमान होतो, मग माझी बुद्धी कितीही चांगली असो.

आपण सांगावे ते कारण सांगावे. कातकऱ्यांसाठी सरकारची मदत आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'पीएम-जनमन' योजनेत एका घराला दोन लाख रुपये मिळतात. पण घर हवेत बांधता येत नाही. हिंजवडी, पिरंगुट, भूगाव या बाजूला कारखाने, कचेऱ्या, बंगले आले आणि मुळशीत जमिनीचे मोल चढले. मजुराला गुंठाभर जागा विकत घेणे कसे जमावे? "जागा नावावर नाही, म्हणून भिंत उभी राहत नाही," एवढे जरी लोकांना नीट समजले, तरी कोणी रोख देईल, कोणी गुंठा देईल, कोणी कागदपत्रांसाठी पौडला तहसील कचेरीत चार खेपा घालील. डोळ्यांतले पाणी मंडपाबाहेर पडेपर्यंत सुकते, समजलेली गोष्ट मात्र घरापर्यंत सोबत येते.

दुसरी गढूळ गोष्ट म्हणजे नावाची फरशी. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि लोकांनाच प्रश्न विचारत केलेले कीर्तन, हीच त्यांची जाहिरात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. बांधले आणि सोडून दिले! धर्मशाळेच्या भिंतीवर देणाऱ्याचे नाव असले तरी एक वेळ चालेल, कारण तिथे जो तो रात्रीचा पाहुणा असतो. घराचे तसे नाही. ज्या दारावर दुसऱ्याचे नाव कोरलेले आहे, त्या दारातून जाणारा जन्मभर पाहुणाच राहतो. त्याची पोरे ते नाव वाचत वाढतात. मग आपण त्याला घर दिले, की फक्त निवारा दिला?

म्हणून आता आमच्या गावी अशी रीत ठेवली आहे. ज्यांची घरे, त्यांतली निम्मी माणसे समितीत असतात. जागा कोणती, दार कोणत्या अंगाला, चूल कुठे, हे त्यांनी ठरवायचे. वाडीतल्या कोणाला आपले सांगायचे असेल तर त्याने स्वतः उभे राहून सांगावे. नसेल तर कोणी आग्रह करू नये. जमा-खर्च दर एकादशीला देवळात मोठ्याने वाचायचा. देणाऱ्याचे नाव वहीत राहील, भिंतीवर नाही. यामुळे वर्गणी कमी जमते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. चार घरांचे ठरले होते, दोनच झाली. उरलेल्या दोघांच्या जागेचा कागद अजून व्हायचा आहे, आणि त्यांत त्या बाईचे घर आहे. तिच्या झोपडीवरून जाताना माझी मान आजही खाली जाते.

चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना तीच अंगावर कोसळून गेले, इ. स. १३३८ साली. पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. देवाकडे जाताना आपण आधी तिथे वाकतो. दुसऱ्याच्या भिंती बांधता बांधता गेलेल्या माणसापुढे वाकल्याशिवाय आपल्याला विटेवरच्या देवाकडे जाता येत नाही. मग आजच्या वीट पाडणाऱ्यासाठी मागायला निघताना आधी त्याच्याकडे जावे, त्याला विचारावे, आणि मगच झोळी पसरावी. एवढे तरी आपल्या हातून घडो.

रामकृष्ण हरि.