खुर्ची आणि टोपली

वृद्धाश्रम पाहायला गेलेली माणसे काय विचारणार, हे ठरलेले असते. डिपॉझिट किती, महिन्याचे किती, कमोड आहे का, डॉक्टर रोज येतात का, उपासाचे मिळते का. घर एखाद्या धार्मिक ट्रस्टचे असले तर दर्शनी भिंतीवर सेवेचे एखादे वचन रंगवलेले असते. ते वाचून बरे वाटते आणि आपण फॉर्म मागतो. हे घर चालवणारा माणूस दिवसभर कुठे असतो, पैसे कमी पडले की तो कोणाच्या दारी जातो, हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या झान ज्युगाँची गोष्ट ह्या दोन प्रश्नांभोवतीच फिरते. ती १७९२ साली समुद्रकाठच्या कांकाल गावी जन्मली. बाप मासेमारीला गेला तो परत आला नाही, तेव्हा ती अगदी लहान होती. पुढे ती मोठ्या घरात स्वयंपाकघरात राबली, रुग्णालयात शुश्रूषेची कामे केली. १८३९ च्या हिवाळ्यात, सत्तेचाळीस वर्षांची असताना, तिने सँ-सेर्वां गावातल्या एका आंधळ्या, अर्धे अंग लुळे पडलेल्या म्हातारीला आपल्या भाड्याच्या घरी आणले. जिना चढताना तिला उचलून घेतले, आपला बिछाना दिला आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' ह्या कॅथलिक संस्थेची स्थापना ती एवढीच. ना घटना, ना कार्यकारिणी, ना कोनशिला.

एकीच्या पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली. घर अपुरे पडू लागले. ह्यांतल्या कितीतरी जणी आजवर भीक मागून जगलेल्या. झानने त्यांना भीक मागू नका असा उपदेश केला नाही. तुम्हाला कोणत्या घरी मिळायचे ते सांगा, म्हणाली, आणि टोपली उचलून त्या दारांवर स्वतः जाऊन उभी राहिली. तुमची नेहमीची आजी आता येणार नाही, तिच्या वाट्याचे मला द्या. कोणी उरलेले अन्न दिले, कोणी जुने कापड, कोणी चार नाणी, तर कोणी अपमान. माधुकरी आपल्या ओळखीची आहे; पण माधुकरी मागणारा स्वतःच्या जेवणापुरते मागतो. इथे एका धडधाकट, कमावत्या बाईने दुसरीच्या वाट्याची लाज आपल्या अंगावर घेतली होती. म्हातारीला मायेने दोन घास भरवणारे पुष्कळ भेटतात. तिची टोपली घेऊन तिच्याच ओळखीच्या गल्लीतून फिरणारे किती भेटतील?

आणि मग खुर्चीचा प्रश्न आलाच. ह्या कामात झानला येऊन मिळालेल्या बायकांनी तिला प्रमुख निवडले होते. डिसेंबर १८४३ मध्ये त्यांनी तिला पुन्हा निवडले. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच त्यांचे मार्गदर्शक धर्मगुरू ऑग्युस्त ल पायर ह्यांनी ती निवड रद्द केली आणि आपल्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या तेवीस वर्षांच्या मारी जामेला प्रमुख केले. झान एक्कावन्न वर्षांची होती. ती टोपली घेऊन पुन्हा बाहेर पडली. दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये, फ्रेंच अकादमीने गरिबांमधल्या सत्कृत्यांसाठी असलेला माँतियाँ पुरस्कार तिला दिला, तीन हजार फ्रँकचा. त्या समारंभातले भाषण छापले गेले होते. ती पुस्तिका ओळखपत्रासारखी जवळ ठेवून ती गावोगाव मागत हिंडली. सारा देश जिला ओळखत होता, तिला तिच्याच संस्थेत पद नव्हते.

१८५२ मध्ये हे फिरणेही थांबवले गेले. तिला मातृगृहात बोलावून घेतले आणि देणगीदारांशी संबंध ठेवायचा नाही असे सांगितले. त्यानंतरची सत्तावीस वर्षे, मरेपर्यंत, ती तिथेच राहिली, शेवटची बरीचशी सँ-पेर्न गावच्या मोठ्या घरात. तिथे तरुण मुली शिकायला येत. झानचे संस्थेतले नाव सिस्टर मेरी ऑफ द क्रॉस; आपल्यातली ही काठी टेकत चालणारी सिस्टर कोण, हे त्यांतल्या बहुतेकींना ठाऊक नव्हते. संस्थेची जी अधिकृत कहाणी तयार झाली, तिच्यात ल पायर संस्थापक, मारी जामे आणि आणखी एक मुलगी ह्या पहिल्या दोन सिस्टर, आणि झान तिसरी.

अशा गोष्टी सांगताना तिच्या मौनाला हार घालायची पद्धत आहे. मला ते जमत नाही. अन्याय तो अन्यायच, आणि सोसणारी संत होती म्हणून करणाऱ्याचा दोष काही कमी होत नाही. शिवाय प्रश्न तिच्या एकटीच्या मानापमानाचा नव्हता. ज्या घरात रोज खरेपणाची प्रार्थना व्हायची, त्याच घरात एक खोटी कहाणी पिढीभर शिकवली जात होती. श्रद्धेच्या पायावर उभ्या संस्थांमध्ये हा धोका जास्तच असतो, कारण तिथे वरच्या माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, असे सहज म्हणता येते. आपल्याकडचे मठ आणि ट्रस्ट आठवून पाहिले तरी हे पटेल.

तरीही ह्या कहाणीतला १८६५ चा प्रसंग मला पुन्हापुन्हा आठवतो. संस्था मोठी झाली होती. कायमचे ठरलेले उत्पन्न मिळेल अशा देणग्या पुढे येत होत्या. अशी रक्कम गुंतवली की व्याज चालू, रोज दारोदार जायला नको. कोणत्याही विश्वस्त मंडळाने आनंदाने ठराव केला असता. ह्या मंडळाला मात्र शंका आली, आणि त्यांनी कोपऱ्यात बसवलेल्या त्या म्हातारीला बोलावून विचारले. तिचे म्हणणे स्पष्ट होते : ठरलेले उत्पन्न नको, रोज मागून आणायचे आणि देवावर भरवसा ठेवायचा. मंडळाने तेच ठरवले आणि त्या कागदावर इतरांबरोबर तिचीही सही घेतली. एरवी तिला विचारत नसत, पण संस्थेचा प्राण कुठे आहे हे खुर्चीवरच्यांना पक्के माहीत होते, असे ह्यावरून दिसते.

हा निर्णय नुसता भाबडा नव्हता. व्याजावर चालणाऱ्या घराला गावाची गरज उरत नाही, आणि गावालाही त्या घराची आठवण राहत नाही. रोज सकाळी भाजीबाजारात जावे लागले की भाजीवाल्याला ठाऊक असते, त्या घरात किती म्हाताऱ्या आहेत आणि त्यांतल्या कितींना दात नाहीत.

झान २९ ऑगस्ट १८७९ ला गेली तेव्हा संस्थेत सुमारे २,४०० सिस्टर आणि १७७ घरे होती. तीन वर्षांनी, १८८२ मध्ये, कोलकात्यातही घर सुरू झाले. १८९० मध्ये ल पायर ह्यांना रोमला बोलावून पदावरून दूर केले गेले. मारी जामेने मरण्यापूर्वी कबूल केले की पहिली मी नव्हे, झान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खरा इतिहास लिहिला गेला आणि २००९ मध्ये चर्चने झानला संत घोषित केले. तोवर तिला जाऊन एकशे तीस वर्षे झाली होती.

ह्या सिस्टर आजही ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालनाबरोबर आतिथ्याचे चौथे व्रत घेतात. त्या म्हाताऱ्यांच्याच छपराखाली राहतात, आणि कोणाचा अंतकाळ जवळ आला की रात्रंदिवस पाळीपाळीने उशाशी बसतात. मागायला जाणे हे तिथे अजूनही काम आहे, एखादीला नेमून दिलेले.

अलीकडे मात्र व्रत घेणाऱ्या मुली कमी झाल्या आहेत. अमेरिकेतल्या काही शहरांतून ह्या सिस्टर बाहेर पडल्या. पगारी माणसे वाढवून पाटी तेवढी टिकवता आली असती. त्यांनी आपले हात पुरतील तेवढीच घरे ठेवायचे ठरवले. मूल्य सांभाळायचे म्हणजे काय, ह्याचे हे सरळ उत्तर आहे आणि मला ते बरेचसे पटते. पण ज्या शहरातून त्या गेल्या, तिथल्या प्रतीक्षायादीतल्या म्हाताऱ्या माणसाला हे कसे समजावून सांगायचे? झानने पहिल्या रात्री बिछान्यांची मोजदाद करून म्हातारीला आत घेतले असते, तर तिला दारातूनच परत पाठवावे लागले असते.