डोळ्यावरचा तळहात

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळाला एक लांबरुंद ओटा आहे. माझ्या लहानपणी संध्याकाळ झाली की म्हातारी माणसे त्यावर बसून कापसाच्या भावाची चर्चा करीत. आता तेथे मुले बसतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. शेजारी शेजारी बसून, एकमेकांकडे न पाहता, ती सारी एकच लढाई लढत असतात. शिक्षकाने हे दृश्य पाहून कपाळाला आठ्या घालाव्यात असा संकेत आहे. मीही तो पुष्कळदा पाळला आहे.

परवा मात्र मी त्यांच्या मागे थोडा वेळ उभा राहिलो. त्यांच्यात माझ्या वर्गातला आठवीचा एक मुलगा होता. खेळ ऐन रंगात आला होता. कोणीतरी बॉम्ब टाकला आणि पडदा लखलखू लागला. बाकीची मुले आनंदाने ओरडली. या मुलाने मात्र शांतपणे मान वळवली, उजवा तळहात एका डोळ्यावर घट्ट धरला आणि तो तसाच बसून राहिला. लखलखाट संपल्यावर त्याने हात काढला. तोवर पडद्यावरचा त्याचा गडी मारला गेला होता.

"हारला ना बे!" शेजारचा म्हणाला.

"हारलो नाही, थांबलो होतो," तो म्हणाला.

ते एवढेसे उत्तर माझ्याबरोबर घरापर्यंत आले आणि अजून गेलेले नाही.

त्या मुलाला मिरगी आहे. हे मला दोन वर्षांपूर्वी कळले, आणि ज्या रीतीने कळले ते सांगायला मला लाज वाटते. शाळेचे स्नेहसंमेलन होते. मुलांच्या नाचासाठी बिछायत केंद्रातून लुकलुकणारे दिवे आणवले होते. ते मीच पसंत केले होते. क्षणात अंधार, क्षणात पांढरा प्रकाश. नाचणारी मुले चित्रासारखी तुटक तुटक दिसत होती आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. अशा त्या लखलखाटात हा मुलगा रंगमंचावर पडला. कोणी त्याच्या नाकाशी चप्पल धरली, कोणी कांदा आणायला धावले. आपल्याकडे हा उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याचा कवडीचा उपयोग नाही. मी, त्याचा शिक्षक, दिव्याची कळ बंद करण्याचेही विसरून नुसता उभा होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. दुखणे जुने होते. शाळेला कळवले नव्हते. "सांगतलं असतं तर नाचात घेतलं असतं काय गुरुजी तुम्ही?" त्याच्या आईने विचारले. मी उत्तर दिले नाही. खरे उत्तर 'नाही' असे होते.

शास्त्राचा माझा अभ्यास मॅट्रिकपुरताच. पण त्या रात्रीनंतर मी विचारून, वाचून थोडे समजून घेतले. मिरगी असलेल्या शंभर माणसांपैकी साधारण तिघांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो, आणि हा दोष मुलांत व पोरवयात अधिक आढळतो. अशा वेळी नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण लखलखाट पापण्यांतूनही आत शिरतो. म्हणून एक डोळा तळहाताने पुरता झाकावा आणि मान वळवावी, असे डॉक्टर सांगतात. त्या मुलाने ओट्यावर केले ते हेच.

खेळाप्रमाणेच दूरदर्शननेही जगाला हा धडा दिला आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरदर्शन संचावर 'पोकेमॉन' या मुलांच्या कार्टून मालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यात एका स्फोटाच्या प्रसंगी तांबडा आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून चमकला. त्या संध्याकाळी ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. बहुतेक मुलेच होती, आणि त्यांतल्या पुष्कळांना पूर्वी कधी झटका आलेला नव्हता. मालिका चार महिने बंद राहिली. पुढे पडद्यावरच्या लखलखाटाविषयी नियम झाले. संकेतस्थळांसाठी २००८ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत एका सेकंदात तीनहून अधिक झगझगीत लखलखाट असू नयेत, असे म्हटले आहे. सोय न करणाऱ्याला 'ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची मुभा आता उरलेली नाही.

ही हकिकत मी आमच्या एका सहकाऱ्याला सांगितली. तो सज्जन आहे आणि त्याचा प्रश्नही रास्त होता. "ज्याला सोसत नाही त्याने खेळू नये. एकासाठी शंभरांची गंमत का घालवायची?" औषध आणि काळजी यांची जागा कोणतीही सोय घेऊ शकत नाही, हे मलाही मान्य आहे, त्या मुलाने किती वेळ खेळावे हा प्रश्न त्याच्या डॉक्टरांचा आणि आईबापांचा आहे. पण 'येऊ नकोस' हे उत्तर इतके सोपे असते, की ते देताना आपण दुसरे उत्तर शोधलेलेच नसते, अशी शंका मला येते.

दुसरे उत्तर आहे, आणि गंमत अशी की ते खेळ करणाऱ्यांनीच शोधले आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी' या युद्धखेळाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत डोळे दिपवणाऱ्या बॉम्बसाठी एक सोय आहे. ती निवडली की बॉम्ब फुटल्यावर पडदा पांढरा न होता काळा होतो. खेळाडूला दिसायचे थांबते ते थांबतेच. शत्रूचा फायदा तसूभरही घटत नाही. बॉम्बचे काम क्षणभर आंधळे करण्याचे आहे, आणि ते काळोखही करू शकतो. पांढरा लखलखाट हा त्या कामावर चढवलेला नुसता साज होता. पण एवढा साधा विवेक करायला कोणीतरी आधी विचारावे लागते, की या गोष्टीत गाभा कोणता आणि साज कोणता? आपले सण, आपली लग्ने, आपली संमेलने यांना हा प्रश्न आपण किती वेळा विचारतो?

माझा सहकारी लवकर हार मानणारा नाही. "पण ज्यांनी पैसे मोजून झगमगाट घेतला, त्यांचे काय?" तो म्हणाला. या खेळांत बंदुकीला सोनेरी झळाळी, अंगरख्याला ज्वाळा अशा वस्तू पैसे देऊन घेता येतात. त्यांनी बळ वाढत नाही. त्या दुसऱ्यांनी पाहाव्यात एवढ्यासाठीच असतात. पाहणाऱ्याने आपल्या पडद्यावरून त्या पुसल्या, तर विकत घेणाऱ्याने घेतले तरी काय?

हा प्रश्न माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. माझ्या वैभवाला प्रेक्षक हवा, हे कबूल. पण प्रेक्षकाच्या डोळ्यांवर माझा हक्क किती? शेजाऱ्याने फटाक्यांची लड लावली, तर तिचा आवाज माझ्या घरापुरता बंद करता येत नाही. गावच्या आनंदाची हीच अडचण असते. खेळात मात्र, इतिहासात बहुधा प्रथमच, हे शक्य झाले आहे. 'फायनल फँटसी चौदा' या जपानी खेळात आपल्या, सोबत्यांच्या आणि परक्यांच्या अस्त्रांचा झगमगाट पूर्ण पाहावा, थोडा पाहावा की मुळीच पाहू नये, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. लढाई एकच, ज्याला दिवाळी हवी त्याला दिवाळी, ज्याला चांदणे हवे त्याला चांदणे. कोणी कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही. ज्याने झळाळी विकत घेतली त्याची झळाळी त्याच्याजवळ आहे. गेला तो फक्त दुसऱ्याला जबरीने दाखवण्याचा अधिकार, आणि तो त्याचा कधी नव्हताच.

शिवाय अशा सोयी एकासाठी केल्या तरी एकाच्याच राहत नाहीत. आमच्या शाळेत चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार बांधला, तेव्हा 'आपल्याकडे खुर्चीवर येणारे आहे कोण?' असे सगळे म्हणाले. आज त्याच उतारावरून खिचडीच्या तांदळाची पोती चढतात आणि मतदानाच्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या काठी टेकत वर येतात.

म्हणून सोय असावी की नसावी, हा वाद माझ्या मनात संपला आहे. ती कोठे असावी, हा प्रश्न उरतो. २०२० च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७' हा गाजावाजा झालेला खेळ निघाला. परीक्षणासाठी तो खेळताना त्यातल्या लखलखत्या दिव्यांनी एका महिला पत्रकाराला झटका आला. धोक्याची सूचना नव्हती असे नाही. ती कोणी न वाचणाऱ्या लांबलचक करारात पुरलेली होती. नंतर ती ठळकपणे पुढे आणली गेली आणि त्या दिव्यांचा लखलखाटही बदलला गेला.

येथे मला आमच्या जिल्ह्यातली एक कुटी आठवते. १९३९ साली परचुरेशास्त्री हे संस्कृत पंडित कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले. त्या काळी अशा माणसाला गावाबाहेर जागा देणे हीसुद्धा मोठी दया ठरली असती. गांधीजींनी त्यांची कुटी आपल्या कुटीजवळ, आश्रमातच बांधवली, आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. मालिशीची गोष्ट आपण मुलांना नेहमी सांगतो. कुटीच्या जागेकडे आपले लक्ष जात नाही. दूर एखादी खोली देऊनही सेवा करता आली असती. पण जागा जवळ असली की माणूस पाहुणा राहत नाही, घरचा होतो.

वाचकहो, दया आणि न्याय यांतला फरक मला आता असा दिसतो. दयेला माणसाचे नाव कळावे लागते. तिच्यापुढे जाऊन आपले दुखणे उघडे करावे लागते. न्याय नाव विचारीत नाही. तो दारातच उतार बांधून ठेवतो. ज्याला हवा तो चढतो, आणि का चढला हे कोणी पुसत नाही. त्या आईने दुखणे लपवले, कारण आमच्या शाळेच्या दारात ते सांगितल्याशिवाय सोय नव्हती, आणि सांगितल्यावर प्रवेश नव्हता. खेळातले ते बटण त्या मुलाला असे काही विचारीत नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनात लुकलुकणारे दिवे नकोत, असे मी ठरवले. त्या मुलाला हे सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा खुलला नाही. जरा वेळाने तो म्हणाला, "माह्या नावानं नका सांगू जी. पोट्टे मलेच बोलतीन."

शिक्षकांच्या बैठकीत मी दिव्यांची गोष्ट काढली. "काहून?" दोघातिघांनी एकदम विचारले. गेल्या दोन वर्षांत ती रात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेली होती.

"मला त्रास होतो," मी म्हणालो.

चार जण हसले. वय झाले गुरुजींचे, असेही कोणी म्हणाले. पण दिवे रद्द झाले. मुलांना नेहमी खरे बोलायला शिकवणारा मी त्या दिवशी खोटे बोललो का, याचा घरी येताना विचार केला. खोटे नव्हते. त्या रात्रीपासून ते दिवे मला खरोखरच पाहवत नाहीत.